डावीकडचा उभा मॉनिटर

मॉनिटर गुरुवारी सकाळी आले, दोन खोक्यांतून. खोकी आणणारा माणूस दारात दम खात म्हणाला, टीव्ही, तेही दोन-दोन? मी म्हटलं, कामाचे आहेत. त्याला पटलं नाही. पन्नाशी उलटलेल्या, घरच्या चपला घातलेल्या बाईला बत्तीस इंचांचे दोन पडदे कशाला लागतात, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेला होता. तेवढं मला चष्म्याशिवायही वाचता येतं.

काम सांगते. औषधाच्या खोक्यात एक घडीचा कागद असतो. पातळ, लांबलचक, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांचा. लोक गोळ्या काढून घेतात आणि तो कागद पुन्हा आत कोंबतात, नाहीतर त्याची होडी करतात. तो कागद आम्ही करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद. एका औषध कंपनीसाठी, माझ्या घराच्या मागच्या खोलीत, गेली एकोणीस वर्षं. कंपनीकडून मजकूर येतो, नणंद तो लॅपटॉपवर पानात बसवते आणि मग आम्ही दोघी तपासतो. तपासायची आमची पद्धत जुनी आहे. ती कंपनीचा मूळ कागद हातात धरून मोठ्याने वाचते, मी पडद्यावरचं पान बघते. ती सगळं वाचते. शब्द, आकडे, स्वल्पविराम, कंस सुरू, कंस बंद. "शून्य दशांश पाच मिलिलिटर, दिवसातून दोनदा, पूर्णविराम." पडद्यावर तसंच असेल तर मी म्हणते, "हं." नसेल तर म्हणते, "थांब." पान संपलं की ते कागदावर काढून खाली माझी सही. नणंद तो सहीचा कागद स्कॅन करून कंपनीला पाठवते. माझी सही झाली की पान बंद. मग त्याला कोणी हात लावायचा नाही.

एकोणीस वर्षांत माझ्या सहीखालून एकही चूक बाहेर गेली नव्हती. हे मी पाहुण्यांना सांगायचे. पाहुण्यांनी विचारलं नाही तरी सांगायचे.

नणंदेला मी वन्सं म्हणते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं "अहो वन्सं, तुम्ही" असं रीतसर चाललं. मग एकाच लॅपटॉपपुढे खांद्याला खांदा लावून, एकमेकींच्या शिंका झेलत बसायला लागल्यावर अहो-जाहो कुठल्या कुठे गळून पडलं. वन्सं तेवढं राहिलं. "अगं वन्सं, सरक ना जरा," असं मी म्हणायचे आणि ऐकणारे हसायचे. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, वहिनीबरोबर बसते ना रोज, आणखी किती संसार करू.

आता डोळ्यांचं. गेल्या वर्षापासून मला एक आणि नऊ सारखेच दिसायला लागले. दशांशाचा ठिपका कधी असायचा, कधी नसायचा. कागदावरचा कण समजून मी तो पुसायलाही गेले आहे. एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, नजरेचा मधला भाग हळूहळू पुसट होत जाईल, घाई नाही, मोठं करून वाचत जा. घाई नाही हे शब्द मी घट्ट धरून ठेवले आणि बाकीचं कोणालाही सांगितलं नाही. लेकीला फोनवर एवढंच म्हटलं की लॅपटॉपवर वाकून मान दुखते. तिने तीन दिवसांत हे दोन मॉनिटर धाडले. माझ्याकडे आहेत तसेच घेतलेत, म्हणाली, म्हणजे काही अडलं तर मला फोनवरून सांगता येईल. मला भरून आलं. मानेचं दुखणं इतकं मनावर घेणारी लेक कोणाला मिळते?

माझा बेत साधा होता. हे पडदे लागले की ठिपका वाटाण्याएवढा दिसेल आणि मी आणखी दहा वर्षं सही करेन. कोणाला काही कळायचं कारणच उरणार नाही.

आमचं टेबल म्हणजे एक जुनं दार आहे, दोन लोखंडी कपाटांवर आडवं टाकलेलं. कडीच्या जागी भोक आहे, त्यातून वायरी खाली जातात. वन्सं नऊला आली. लॅपटॉप तिचा, रोज संध्याकाळी घरी नेते, सकाळी आणते. मंगळवारी आणि शुक्रवारी ती चारलाच निघते, पाठीसाठी पोहायला जाते म्हणून. त्या दिवशी लॅपटॉप टेबलावर ठेवून ती कोपऱ्यावरच्या दुकानात छपाईच्या प्रती आणायला गेली. जाताना म्हणाली, मी येईपर्यंत हात लावू नकोस, दोघी मिळून लावू. मी मान डोलावली आणि ती जिना उतरायच्या आत कात्री घेतली. कॉम्प्युटर मी असाच शिकले आहे, कोणी नसताना बटणं दाबून. आधी घाबरत, मग न घाबरता.

पहिला अर्धा तास एका वायरीने खाल्ला. ती लॅपटॉपच्या भोकात बसत होती, मॉनिटरच्या भोकातही बसत होती, आणि चित्र काही येत नव्हतं. खोक्यातला कागद वाचला (कागद वाचणारी मी जगातली एकटीच असेन) तेव्हा कळलं की ही वायर नुसती चार्जिंगची, लॅपटॉपच्या चार्जरची. चित्र नेणारी वेगळी. दिसायला दोघी जुळ्या बहिणी, पण एक नुसती वीज पुरवणार, दुसरी वीजही देणार आणि चित्रही नेणार. प्रत्येक घरात असतंच असं. दुसऱ्या मॉनिटरला जाड टोकाची वायर होती, ती मुकाट्याने बसली.

उजवीकडचा पडदा लागला. असा लख्ख, असा मोठा, की मी खुर्ची मागे ओढली. मग डावीकडचा लागला, आणि त्यावरचं चित्र आडवं पडलं होतं. म्हणजे अक्षरं कुशीवर निजलेली. वाचायला मान खांद्याला टेकवावी लागत होती. माझ्या दुखऱ्या मानेसाठी आलेला मॉनिटर हा.

मला वाटलं, बिघडलेला आला. सेटिंग उघडलं. तिथे तीन चौकोन होते: एक छोटा, लॅपटॉपचा, एक आडवा, उजवीकडचा, आणि एक उभा, डावीकडचा. मी कशालाच हात लावला नव्हता आणि तरी लॅपटॉप ठामपणे सांगत होता की डावीकडचा मॉनिटर उभा आहे. नवीन मॉनिटर, पहिल्यांदाच लावलेले, आणि याला आधीच सगळं ठाऊक.

लेकीला फोन केला. लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो, लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून. ती कामात होती, मागे कोणीतरी बोलत होतं. मी चित्र आडवं आल्याचं सांगितलं. ती टाइप करता करता म्हणाली, "अगं, लॅपटॉप मॉनिटर लक्षात ठेवतो. तुझे माझ्यासारखेच आहेत ना, त्याला वाटतंय तो माझ्याच टेबलावर आहे. माझा डावा उभा केलेला—"

टाइप करायचा आवाज थांबला.

"हा लॅपटॉप तुझ्या टेबलावर कधी होता?" मी विचारलं.

ती म्हणाली, "आत्या आहे का तिथे?"

लहानपणी घरात काही फुटलं की भिंगरी हेच विचारायची. मी फोन ठेवला.

मग मी बसले. प्रती आणायला वन्संला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता, आणि डोळे अधू झाले तरी डोकं शाबूत होतं. भिंगरीच्या कामात सगळे आडवे तक्ते असतात, मी पाहिलेत. तिला उभ्या पडद्याची गरज नाही. उभा पडदा कोणाला लागतो? ज्याला लांबलचक, अरुंद पट्टी वरपासून खालपर्यंत एका नजरेत बघायची असते त्याला. आमचं पान म्हणजे पट्टीच. आडव्या पडद्यावर ते तुकड्या-तुकड्यांनी सरकवावं लागतं. इतकी वर्षं ही अक्कल मला सुचली नव्हती, आणि माझ्या पाठीमागे कोणीतरी ती चालवून मोकळं झालं होतं.

आधी वाटलं, वन्संने दुसरं काम धरलं. परक्या कंपनीचं. त्याचं वाईट वाटलं असतं, पण ते साधं वाईट वाटणं असतं. मग मी लॅपटॉपवर शोधायला लागले. एक फोल्डर सापडलं. त्याचं नाव होतं 'पोहणे'. आत अकरा पानं. आमचीच. माझी सही होऊन बंद झालेली.

वन्सं आली तेव्हा ते फोल्डर उघडंच होतं. भिंगरीचे निरोप तिला जिन्यातच मिळाले असावेत, कारण तिने काहीही विचारलं नाही. प्रती टेबलावर ठेवल्या आणि उभ्याउभ्या त्यांचे कोपरे जुळवत राहिली.

"पाठ कशी आहे, वन्सं?" मी म्हटलं. "पोहून फरक पडतोय ना तुम्हाला?"

'तुम्हाला' म्हटल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. चापट बसल्यावर बघतात तसं.

मग तिने सांगितलं. तुटक, कोपरे जुळवत. आठ महिन्यांपूर्वी, सही झाल्यावर, स्कॅन करायच्या आधी तिची नजर सहज एका ओळीवर गेली. तान्ह्या बाळांच्या तापाचं औषध. शून्य दशांश पाचच्या जागी नुसते पाच. पान बसवताना चूक तिची झालेली, पण तिने कागदावरचं बरोबर वाचलं होतं आणि मी हं म्हटलं होतं. ओळ तिने दुरुस्त केली, रात्रभर झोपली नाही, आणि सकाळी मला सांगायच्या ऐवजी भिंगरीला सांगितलं. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, बसने भिंगरीच्या घरी. भिंगरी वाचते, वन्सं बघते, मॉनिटर उभा करून. मी बंद केलेलं प्रत्येक पान त्या दोघी पुन्हा उघडायच्या. दर महिन्याला एखादी चूक निघायची, कधी दोन. अकरा झाल्या.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार न्यायची कुठे. आत्या-भाचीचं इतकं गूळपीठ आहे हे मला नवीन नव्हतं. त्या गुळाचा खडा म्हणून मला दोन मॉनिटर मिळाले, हे नवीन होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"कसं सांगणार, वहिनी? येईल त्या पाहुण्याला तू काय सांगतेस ते मी एकोणीस वर्षं ऐकते आहे."

 एका कोणाच्या तरी तान्ह्या बाळाला दहापट औषध गेलं असतं, माझ्या सहीने. हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच ओरडता येईना. उपकार झाला होता आणि तो केसाने गळा कापल्यासारखा लागत होता.

तरी मी एक विचारलं. पहिली चूक दिसली तेव्हा ती नजरचूक समजता आली असती. माणूस आहे, चुकतो. मग पुढचं प्रत्येक पान उघडायचं कसं काय ठरवलंत?

 वन्सं खुर्चीवर बसली, तिच्या खुर्चीवर, माझ्या उजव्या हाताला.

"मी मुद्दाम चुकीचं वाचलं," ती म्हणाली. "बघायला. पानावर एक होता, मी नऊ वाचलं. तू हं म्हणालीस."

"एकदा?"

"तीनदा."

मला आठवत होतं. ते आकडे नाही, तिचा आवाज. ती वाचायला लागली की तिचा आवाज कसा सपाट होतो, स्वल्पविरामाला किंचित थांबतो, आकड्याला उठतो. गेलं वर्षभर मी डोळ्यांनी वाचतच नव्हते. ती जे म्हणायची ते मला पानावर दिसायचं. ठिपका म्हणाली की ठिपका, नऊ म्हणाली की नऊ. पडदा पुसट झाला तसतशी मी तिच्या आवाजाला धरून चालत होते, जिन्याच्या कठड्याला धरावं तशी. आणि कठडा तपासून बघत होता की ही बाई पडते का.

मी तिला म्हटलं, दाखवा. ती पानं मला बघायची आहेत.

त्यासाठी डावीकडचा मॉनिटर खरोखरच उभा करावा लागला. ते एकटीचं काम नव्हे. आधी पडदा पार वर ओढायचा, मग तिरपा करायचा, मग फिरवायचा, नाहीतर त्याचा कोपरा टेबलाला घासतो. एक बाजू तिने धरली, एक मी. वायर कडीच्या भोकात अडकली, ती तिने वाकून सोडवली.  मॉनिटर उभा झाला आणि लॅपटॉपचं म्हणणं खरं ठरलं. अक्षरं सरळ उभी राहिली.

डावीकडे मी बंद केलेलं पान, उजवीकडे त्यांनी दुरुस्त केलेलं. अकरा जोड्या. एवढ्या मोठ्या पडद्यावर मला सगळं दिसत होतं. प्रत्येक ठिपका, प्रत्येक एक, प्रत्येक नऊ. दहाव्या जोडीपर्यंत मी स्वतःच चूक शोधून बोटाने दाखवायला लागले होते, आणि वन्सं हं म्हणत होती.

अकरावी जोडी संपली तेव्हा माझी नजर खाली गेली. डावीकडच्या पानाखाली माझी सही होती. उजवीकडच्याही.

बंद पानाची चूक दुरुस्त केली तर नव्या कागदावर नवी सही लागते. आणि मी ते कागद कधी पाहिलेच नव्हते. मी दोन्ही सह्या मोठ्या केल्या, ताटाएवढ्या. शेवटच्या अक्षराची शेपटी मी घाईत वर उचलते आणि तिथे शाई जरा तुटते. दोन्हीकडे शेपटी वर गेली होती. दोन्हीकडे शाई तुटली होती. दोन्ही पानांची अदलाबदल केली असती तर यातली माझी कोणती, हे मला सांगता आलं नसतं.

"किती दिवस सराव केलात?"

"एक आठवडा," वन्सं म्हणाली. आणि मग, हळू, "वहिनी, जी पत्रकं छापली ती बरोबर छापली. कोणाचं काही बिघडलं नाही. आम्ही तुला वाचवलं."

"मला नाही. पानांना."

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि कंपनीला पत्र लिहायला बसले. वन्संला दिसत होतं मी काय लिहिते आहे. उजवीकडच्या पडद्यावर तर जिन्यातल्या माणसालाही दिसलं असतं. ती म्हणाली, काम जाईल. दोघींचंही जाईल. एकोणीस वर्षं, वहिनी. मग म्हणाली, दादाला तरी विचार. दादा म्हणजे माझे यजमान. मी विचारलं, त्यांना माहीत आहे का? तिने प्रतींचे कोपरे पुन्हा जुळवायला घेतले, आणि तेच उत्तर होतं. भिंगरीचा फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. मी तो पालथा घातला.

पत्र आठ-दहा ओळींचं झालं. पाठवायच्या आधी मी ते वन्संपुढे सरकवलं. या खोलीतून तपासल्याशिवाय काही बाहेर जात नाही, मी म्हटलं. वाचा.

"वहिनी, नको."

"वाचा, वन्सं."

तिने वाचलं. आवाज सपाट करायचा प्रयत्न केला, झाला नाही. "सोबत जोडलेल्या अकरा पानांवरची सही माझी नाही, पूर्णविराम. ती माझ्या नणंदेने केली आहे, पूर्णविराम. याच पानांच्या आधीच्या प्रतींवरची सही माझी होती, स्वल्पविराम, आणि त्या प्रती चुकीच्या होत्या, पूर्णविराम."

मी तिच्या आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पडद्यावर प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत गेले, आणि शब्द संपल्यावरच हं म्हटलं. हे फार हळू चालतं. गेलं वर्षभर असंच चालायला हवं होतं.

"माझे डोळे अधू होत आहेत हे मला एक वर्षापासून माहीत आहे—" ती थांबली. पत्रात नसलेलं बोलली. "एक वर्ष? डॉक्टरांकडे गेली होतीस?"

"पुढचं वाचा."

"एक वर्ष तू मला..." तिचा चेहरा बदलला. मघापासून ती गुन्हेगारासारखी बसली होती, आता तशी राहिली नाही. आठ महिने ती दर आठवड्याला दोनदा खोटं बोलून बसमध्ये बसत होती, आणि माझ्या डोळ्यांचं मला सगळं ठाऊक होतं. मला ठाऊक होतं आणि मी तिच्याशेजारी बसून हं म्हणत होते. मला मघापासून जे लागत होतं तेच तिच्याही डोळ्यांत दिसलं. पडदा मोठा नसतानाही दिसलं.

"एक शब्द जरी बोलली असतीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुम्हीही.

तिने उरलेलं वाचलं. यापुढे माझी सही धरू नये. नणंदेचं काम चोख आहे. तिला वेगळं काम द्यावं की नाही हे कंपनीने ठरवावं. पूर्णविराम. मी हं म्हटलं आणि पत्र पाठवलं.

त्यानंतर ती थोडा वेळ बसून राहिली. मी काही म्हणावं म्हणून थांबली असावी. उद्या ये, किंवा येऊ नकोस, काहीतरी. मला दोन्ही म्हणता आलं नाही. घशाशी 'अगं' आलं होतं, ते तिथेच राहिलं. मग ती उठली, लॅपटॉपच्या वायरी एकेक करून काढल्या, गुंडाळून दारावर, म्हणजे टेबलावर, नीट ठेवल्या आणि लॅपटॉप पिशवीत घातला. तिचाच होता तो. जिना उतरताना तिची पावलं मधल्या वळणावर थांबल्याचं ऐकू आलं, मग पुढे गेली.

दोन्ही मॉनिटर क्षणभर काळे झाले. मग आधी उजवीकडे आणि नंतर डावीकडे एकच ओळ उमटली: सिग्नल मिळत नाही. डावीकडची आता कुशीवर निजलेली होती. मी चष्मा काढून ठेवला. अक्षरं एवढी मोठी होती की मला मान कलती करून ती अगदी आरामात वाचता येत होती.